यूपीएस विकत घेण्याआधी: संगणकाला विजेच्या दोषांपासून जपण्याचा योग्य क्रम

संगणकाचा एसएमपीएस, म्हणजे आतील भागांना वीज पुरवणारी पेटी, जळाला, की बहुतेकांची पहिली धाव यूपीएसच्या दुकानाकडे जाते. नवा यूपीएस येतो, जुन्याच सैल सॉकेटमध्ये बसतो, त्या सॉकेटच्या अर्थिंगच्या छिद्रामागे तार आहे की नाही हे कोणी पाहत नाही, आणि पुढच्या वळवाच्या पावसात राउटर, मदरबोर्डचा लॅन पोर्ट व कधीकधी तो यूपीएसही निकामी होतो. अशा वेळी यूपीएसच्या कंपनीला बोल लावला जातो. खरी चूक कामाच्या क्रमात झालेली असते. भिंतीतील जोडणी, अर्थिंग, न्यूट्रल (वीज परत नेणारी तार), सर्जपासून संरक्षण आणि मग यूपीएस असा क्रम ठेवला, तर खर्चही कमी होतो.

पुढील टप्पे एक-दोन संगणक, प्रिंटर आणि राउटर असलेले घर, छोटे कार्यालय किंवा तालुक्याच्या गावातील सेवा केंद्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. यातील निरीक्षणाची कामे कोणालाही करता येतील. बोर्ड उघडण्याचे प्रत्येक काम मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

## कोणत्या दोषावर कोणता उपाय

विजेचे दोष एका जातीचे नसतात आणि एकच उपकरण सर्वांवर चालत नाही. वीज अचानक जाणे हा यूपीएसने सोडवायचा प्रश्न आहे. आकाशातील विजेमुळे किंवा मोठी यंत्रे चालू-बंद झाल्यामुळे सेकंदाच्या अत्यल्प भागापुरता उसळणारा दाब, म्हणजे सर्ज, हा सर्ज प्रोटेक्टरचा विषय आहे. न्यूट्रल तुटल्यामुळे मिनिटभर किंवा अधिक काळ टिकणारे जास्त व्होल्टेज सर्ज प्रोटेक्टरला झेपत नाही. त्यासाठी पुरवठाच तोडणारे उपकरण लागते.

कमी व्होल्टेजची मात्र लोक गरजेपेक्षा जास्त धास्ती घेतात. एसएमपीएसवर ‘१००–२४० व्होल्ट’ असे छापलेले असेल, तर त्याला १६० व्होल्टनेही इजा होत नाही. काही स्वस्त एसएमपीएसची मर्यादा १८० किंवा २०० व्होल्टपासून सुरू होते, म्हणून लेबल वाचल्याशिवाय स्टॅबिलायझर घेऊ नये. जुन्या एसएमपीएसच्या मागे ११५ आणि २३० असा लाल खटका असतो. व्होल्टेज कमी येते म्हणून तो ११५ वर सरकवला, तर पुरवठा सुधारताच एसएमपीएस फुटतो.

## टप्पा १: आधी आठवडाभर नोंद ठेवावी

काहीही खरेदी करण्यापूर्वी आठवडाभर एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: वीज कधी गेली, कधी आली, आल्यावर दिवे मंद होते की नेहमीपेक्षा प्रखर होते, आणि त्या वेळी परिसरात काय चालू झाले. शेतीपंपांच्या लाइनजवळच्या वस्त्यांत हा शेवटचा रकाना फार उपयोगी पडतो. पंपांना ऑटोस्विच बसवलेले असतील, तर पुरवठा येताक्षणी सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि पहिली काही मिनिटे व्होल्टेज कोसळलेले राहते.

तपासणी: दिवे मंद होत असतील, तर तो बहुधा लोडचा प्रश्न आहे. एका खोलीतला दिवा मंद आणि दुसऱ्या खोलीतला प्रखर होत असेल, किंवा पंखा आपोआप जोरात फिरू लागत असेल, तर न्यूट्रलचा दोष समजावा आणि टप्पा ३ मधील काम पूर्ण होईपर्यंत संगणक लावू नये.

## टप्पा २: सॉकेट आणि अर्थिंग

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा, कारण पुढची सगळी उपकरणे अर्थिंगच्या भरवशावर काम करतात.

सुरुवात सॉकेटपासून करावी. प्लग घातल्यावर तो लोंबकळतो का, हलवल्यावर ‘चर्र’ असा आवाज येतो का, पिनांवर काळे डाग आहेत का, हे पाहावे. काळवंडलेली पिन म्हणजे आत ठिणगी पडते आहे. अशा सॉकेटमधून संगणकाला सेकंदात अनेकदा तुटक वीज मिळते आणि बाहेरचा पुरवठा उत्तम असूनही एसएमपीएस त्रासतो. सॉकेट बदलण्याचा खर्च किरकोळ असतो. तो आधी करावा.

मग मल्टिमीटर एसीच्या ७५० किंवा ६०० व्होल्टच्या पट्ट्यावर ठेवून तीन मोजमापे घ्यावीत. समोरून पाहताना वरचे मोठे छिद्र अर्थिंगचे, उजवे फेजचे (वीज आणणाऱ्या तारेचे) आणि डावे न्यूट्रलचे असते.

१. फेज व न्यूट्रल: साधारण २१० ते २५० व्होल्टच्या दरम्यान आकडा यावा.

२. फेज व अर्थ: वरच्या आकड्याच्या अगदी जवळ यावा, फरक दोन-चार व्होल्टचा असावा.

३. न्यूट्रल व अर्थ: दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. हे मोजमाप खोलीतील पंखे, दिवे व संगणक चालू ठेवून घ्यावे. लोड नसताना आकडा नेहमीच चांगला दिसतो.

फेज व अर्थ यांमध्ये ९० किंवा १२० असा अधांतरी आकडा आला, तर अर्थची तार बहुधा कुठेच जोडलेली नसते. न्यूट्रल व अर्थ यांमध्ये २०–३० व्होल्ट दिसले, तर अर्थिंग कच्चे आहे किंवा न्यूट्रलची जोडणी सैल आहे. लोड चालू असतानाही तिसरा आकडा पूर्ण शून्य येत असेल, तरी समाधान मानू नये. काही वायरमन अर्थिंग नसलेल्या घरात सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात तारेचा छोटा तुकडा जोडून देतात. मल्टिमीटरला त्यात खोट दिसत नाही, पण बाहेर न्यूट्रल तुटताच संगणकाच्या लोखंडी पेटीत पूर्ण फेज उतरतो.

सावधान: असा तुकडा आढळल्यास त्या सॉकेटचा वापर त्याच क्षणी बंद करावा. यात माणसाचा जीव जाऊ शकतो.

डिजिटल मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे गंजून एका धाग्यावर टिकलेली अर्थिंगची तारही त्याला उत्तम वाटते. म्हणून वायरमनला टेस्ट लॅम्प (तारा जोडलेला साधा बल्ब) लावून लोडवर चाचणी करायला सांगावे आणि शक्य असल्यास अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्यावा. तो ५ ओहमच्या आत असलेला बरा. टेस्ट लॅम्पची चाचणी घरी स्वतः करू नये. अर्थिंग कच्चे असेल, तर त्या काळात घरातील फ्रिज, गीझर अशा सर्व धातूच्या वस्तूंवर दाब येतो. आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थमध्ये गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवलेला असल्यास या चाचणीत तो पडतो, आणि तो पडलाच पाहिजे.

कॅबिनेटला किंवा प्रिंटरच्या धातूला उघडा हात लागला की मुंग्या येतात, ही तक्रार फार जुनी आहे आणि तिचा अर्थ ‘एसएमपीएस खराब’ असाच लावला जातो. वस्तुतः एसएमपीएसच्या फिल्टरमधील दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल यांच्या मधोमध पेटीला जोडलेले असतात. पेटीला अर्थ मिळाले नाही, तर तिच्यावर पुरवठ्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टचा दाब दिसतो. करंट अगदी थोडा असतो, म्हणून नुसत्या मुंग्या येतात, पण यूएसबी किंवा एचडीएमआयची केबल लावताना तोच करंट पोर्टच्या चिपमधून वाट काढतो. एसएमपीएस बदलून या मुंग्या जात नाहीत, अर्थिंग केल्यावर जातात.

कोकणातील जांभ्याच्या जमिनीत आणि पठारावरील कातळाच्या पातळ मातीत अर्थिंगचा रोध उन्हाळ्यात चढतो. तेथे खड्ड्यात कोळसा-मीठ भरून दर उन्हाळ्यात पाणी घालावे किंवा रासायनिक भरणाचा अर्थ पाइप बसवावा. तो एप्रिलअखेर तपासून घ्यावा, कारण वळवाच्या विजा त्यानंतर लगेचच सुरू होतात.

नेहमीच्या चुका: थ्री-पिन प्लगची मोठी पिन काढून तो टू-पिन सॉकेटमध्ये बसवणे, स्वस्त कन्व्हर्टर वापरून अर्थ तोडणे, नळाच्या पाइपला अर्थची तार बांधणे. आता बहुतेक पाइप प्लास्टिकचे असल्याने ही शेवटची युक्ती निरर्थक झालीच आहे, आणि पाइप लोखंडी असेल तर ती शेजाऱ्याला धोकादायक आहे.

संगणक वर्ग चालवणाऱ्यांसाठी एक सूचना जाता जाता. प्रत्येक एसएमपीएस त्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थमध्ये सोडतो. एका ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर दहा-बारा संगणक लावले, की दोष नसतानाही तो वारंवार पडू शकतो. त्यावर उपाय म्हणून आरसीसीबी काढून टाकू नये. लोड दोन-तीन आरसीसीबींवर वाटून घ्यावा.

## टप्पा ३: न्यूट्रल आणि टिकून राहणारे जास्त व्होल्टेज

आपल्याकडे डीपीवरून (परिसरातील ट्रान्सफॉर्मरवरून) तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतात, आणि घराघरांना त्यांतील एक-एक फेज वाटून दिला जातो. वाटेतील न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला, तर वेगवेगळ्या फेजवरील घरे नकळत एकमेकांना जोडली जातात. ज्या फेजवर लोड कमी, त्या घरांत व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढते. एकाच गल्लीतील अनेक टीव्ही, चार्जर आणि राउटर एका संध्याकाळी जळाल्याच्या घटनांमागे बहुधा हेच कारण असते.

यावरचा उपाय मीटरनंतरच्या बोर्डात बसतो. ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर हे एमसीबीच्या (लोड वाढल्यावर पडणाऱ्या स्विचच्या) शेजारी बसणारे छोटे उपकरण ठरवलेल्या मर्यादेबाहेर व्होल्टेज गेले की सगळा पुरवठा तोडते आणि स्थिती सुधारल्यावर थोडा वेळ थांबून पुन्हा जोडते. वरची मर्यादा साधारण २६० ते २७० ठेवावी, आणि पुन्हा जोडण्याचा विलंब निदान तीन मिनिटांचा ठेवावा. खालची मर्यादा फार वर ठेवली, तर गावात दिवसभर घर अंधारात राहील. १७० च्या आसपास ती पुरेशी असते. माझ्या मते मर्यादित पैशांत एकच वस्तू घेणे शक्य असेल, तर अर्थिंग दुरुस्त केल्यावर ही घ्यावी, यूपीएस नंतर.

सावधान: दिवे एकाएकी डोळे दिपवतील इतके प्रखर झाले, तर संगणक रीतसर बंद करत बसू नये. आधी मेन स्विच पाडावा आणि मग १९१२ वर तक्रार करून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. खांबावर चढून न्यूट्रल ‘घट्ट करून देणाऱ्या’ ओळखीच्या माणसाला बोलावू नये.

## टप्पा ४: सर्जपासून संरक्षण

बाजारात ‘स्पाइक गार्ड’ म्हणून मिळणाऱ्या अनेक पट्ट्यांत स्विच, लाल दिवा आणि फ्यूज यांपलीकडे काहीही नसते. विकत घेताना खोक्यावर ज्यूलचा, म्हणजे किती ऊर्जा झेलता येते याचा, आकडा आणि संरक्षण चालू असल्याचा वेगळा दिवा आहे का, हे पाहावे. खऱ्या पट्टीत एमओव्ही नावाची चपटी चकती असते. दाब उसळला की ती वाट उघडून जास्तीचा करंट न्यूट्रल आणि अर्थकडे वळवते. प्रत्येक आघातानंतर ती थोडी झिजते, म्हणून पाच-सहा वर्षांची पट्टी दिसायला धडधाकट असली तरी तिच्यावर विसंबू नये.

ग्रामीण भागात, डोंगरावर किंवा खांबांवरून उघड्या तारांनी पुरवठा येणाऱ्या घरात मुख्य बोर्डातही टाइप २ चा एसपीडी, म्हणजे बोर्डात बसणारा सर्ज प्रोटेक्टर, बसवावा. वायरमन एसपीडी बोर्डाच्या एका कोपऱ्यात ठोकतात आणि त्याच्या तारा सुबक वळणे देत दीड-दोन मीटर फिरवतात. दिसायला नीटनेटक्या असलेल्या या जोडणीने उपकरणाचा अर्धा उपयोग घालवलेला असतो, कारण सर्जचा वेग इतका असतो की तारेच्या प्रत्येक फुटावर मोठा दाब साचतो. फेजपासून एसपीडीपर्यंत आणि एसपीडीपासून अर्थच्या पट्टीपर्यंत मिळून तार अर्ध्या मीटरच्या आत, सरळ आणि जाड असावी.

तपासणी: एसपीडीची खिडकी हिरवी असावी. लाल दिसल्यास आतील कार्ट्रिज बदलावे. घराच्या छतावर थेट वीज पडली, तर मात्र यांतील कोणतेही उपकरण संगणक वाचवेल याची खात्री देता येत नाही.

## टप्पा ५: यूपीएसची निवड आणि जोडणी

आता यूपीएसकडे वळावे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत व्हीए लिहिलेले असते, पण पाहायचा तो आकडा वॅटचा. ६०० व्हीएचा सामान्य यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. ग्राफिक्स कार्ड नसलेला कार्यालयीन डेस्कटॉप मॉनिटरसह बहुधा १०० ते १५० वॅटमध्ये बसतो, राउटर १० वॅटच्या आसपास असतो. एसएमपीएसवरील ‘४५० वॅट’ हा त्याच्या क्षमतेचा आकडा आहे, प्रत्यक्ष वापराचा नाही.

अशा यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची एक बॅटरी असते. गुणाकार केल्यास ८४ वॅट-तास येतात आणि १०० वॅटच्या लोडवर पाऊण तास मिळेल असे वाटते. इतक्या वेगाने उपसल्यावर ही बॅटरी तेवढे देत नाही, काही भाग यूपीएसच्या रूपांतरात जातो, आणि नव्या बॅटरीवरही पंधरा-वीस मिनिटे मिळाली तर समाधान मानावे. हा वेळ काम जतन करून संगणक बंद करण्यासाठी आहे. तासभर काम चालवायचे असेल, तर इन्व्हर्टरचा विचार करावा.

घरचा इन्व्हर्टर संगणकासाठी वापरताना त्याच्या मागचा खटका ‘यूपीएस’ मोडवर ठेवावा. ‘नॉर्मल’ मोडमध्ये पुरवठा बदलायला लागणारा वेळ संगणकाला जास्त पडतो आणि तो रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल, तर त्यामागे लावलेला छोटा यूपीएस त्या विजेला वीजच मानत नाही, बीप करत बॅटरीवर जातो आणि ती संपवून बसतो. अशा ठिकाणी साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्यावा. एसएमपीएसवर ‘अ‍ॅक्टिव्ह पीएफसी’ (वीज सुरळीतपणे ओढणारी आतील रचना) लिहिलेले असेल, तर यूपीएसही शुद्ध साइन वेव्हचा घेतलेला चांगला.

जोडणीचा क्रम असा ठेवावा:

१. यूपीएसचा थ्री-पिन प्लग थेट भिंतीतील तपासलेल्या सॉकेटमध्ये घालावा, एक्स्टेन्शनमध्ये नाही.

२. काहीही न जोडता तो सहा ते आठ तास चार्ज करावा.

३. मग संगणक, मॉनिटर आणि राउटर एवढेच त्यावर लावावेत.

४. संगणकावर किरकोळ काम उघडे ठेवून भिंतीवरचा स्विच बंद करावा आणि संगणक न अडखळता चालतो का, किती मिनिटे चालतो, हे घड्याळ लावून पाहावे.

सावधान: लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नये. कागदावरची शाई पक्की करणारा त्याचा तापक चालू होताना शेकडो वॅट एकदम ओढतो आणि यूपीएस ओव्हरलोड होऊन संगणकासह बंद पडतो. प्रिंटरला सर्ज प्रोटेक्टर पुरेसा आहे. यूपीएसच्या पुढे स्पाइक गार्डची पट्टी जोडण्याचीही गरज नसते.

## टप्पा ६: इंटरनेटची तार

पॉवर केबल सुरक्षित केली, तरी लॅनची तार मोकळीच राहते. गच्च्यांवरून ओढलेली तांब्याची लॅन केबल आकाशातील विजेला सरळ मदरबोर्डपर्यंत आणते. फक्त लॅन पोर्ट मेलेले संगणक पावसाळ्यात दुरुस्तीला येतात, त्याचे कारण हेच. फायबर घेतल्यावर हा धोका बराच कमी होतो. मात्र पुष्कळ फायबर केबलींमध्ये ताण पेलण्यासाठी पोलादी तार असते. केबल घरात आणण्यापूर्वी ती तार बाहेरच कापून वेगळी ठेवायला सेवा देणाऱ्याला सांगावे. जुनी तांब्याची जोडणीच असेल, तर राउटर आणि संगणक यांच्यामध्ये वायफाय ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

## टप्पा ७: संगणकातील दोन सेटिंग

यूपीएसला यूएसबी पोर्ट असल्यास तो जोडावा. विंडोजला तो बॅटरीसारखा दिसतो आणि पॉवर ऑप्शन्समध्ये बॅटरी अगदी कमी झाल्यावर ‘हायबरनेट’ किंवा ‘शट डाउन’ निवडता येते. दुसरे सेटिंग बायोसमधील, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगच्या पडद्यावरील आहे: वीज परत आल्यावर संगणकाने काय करावे, या पर्यायात ‘पॉवर ऑफ’ ठेवावे. अन्यथा वीज ये-जा करत असताना संगणक प्रत्येक वेळी आपोआप सुरू होतो आणि अर्ध्यावर बंद पडतो, आणि हिशेबाच्या फाइली बिघडतात त्या अशाच वेळी. बॅकअपची हार्ड डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी. कायम जोडलेली डिस्क संगणकासोबतच जळते.

## टप्पा ८: विजांचा दिवस आणि पुरवठा परत आल्यानंतर

एप्रिल ते जून आणि परतीच्या पावसाचे सप्टेंबर-ऑक्टोबर हे दिवस जपण्याचे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपास विजा पडत असल्याची सूचना देते. ढग जमू लागताच संगणक शट डाउन करावा, यूपीएसचा प्लग भिंतीतून काढावा, त्यानंतर यूपीएसचे स्वतःचे बटण बंद करावे आणि लॅनची तार उपसावी. नुसता स्विच बंद करणे पुरत नाही, कारण तो फक्त फेज तोडतो. न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात.

सावधान: कडकडाट सुरू झाल्यावर प्लग किंवा तारांना हात लावू नये. संगणक गेला तर गेला.

पुरवठा परत आल्यावर पाच ते दहा मिनिटे थांबावे. आधी एखादा दिवा लावून त्याचा प्रकाश नेहमीसारखा आहे ना, हे पाहावे. मग यूपीएस, त्यानंतर राउटर आणि शेवटी संगणक सुरू करावा. संगणक सुरूच झाला नाही, तर बटण पुन्हापुन्हा दाबू नये. आधी भिंतीतील व्होल्टेज मोजावे, मग एसएमपीएस दुसऱ्या संगणकावर तपासून घ्यावा. जळालेल्या सॉकेटमध्ये नवा एसएमपीएस लावून तोही गमावल्याची उदाहरणे दुरुस्तीच्या दुकानांत रोज सापडतात.

## टप्पा ९: देखभाल

महिन्यातून एकदा भिंतीवरचा स्विच बंद करून यूपीएस किती मिनिटे चालतो, हे पाहावे आणि तो आकडा तारखेसह यूपीएसवरच चिकटवलेल्या कागदावर लिहावा. सुरुवातीच्या वेळेच्या निम्म्यावर आकडा आला, की बॅटरी बदलावी. साधारण दोन-तीन वर्षांत ही वेळ येते, उष्ण खोलीत त्याआधीच. बॅटरीची पेटी फुगलेली दिसली, तर चाचणीची वाट पाहू नये. नवी बॅटरी त्याच क्षमतेची घ्यावी. जास्त वेळ मिळावा म्हणून ७ च्या जागी बाहेरून मोठी बॅटरी जोडणे ही आवडती खटपट आहे, परंतु आतील ट्रान्सफॉर्मर काही मिनिटेच चालण्याच्या हिशेबाने बनवलेला असतो आणि तासभर चालवल्यास तो तापून जळतो. बसवताना लाल तार धन आणि काळी तार ऋण टोकाला लागली आहे, हे दोनदा पाहावे. जुनी बॅटरी शिशाची असल्याने कचऱ्यात न टाकता विक्रेत्याला परत द्यावी.

यूपीएस जमिनीवर ठेवला असेल, तर तो वीतभर उंच स्टुलावर घ्यावा आणि मागे हवा खेळू द्यावी. पावसाळ्यात उबेसाठी पाली आणि मुंग्या याच पेट्यांत शिरतात. वर्षातून एकदा, पुरवठा तोडून, वायरमनकडून बोर्डातील सर्व स्क्रू आवळून घ्यावेत आणि टप्पा २ मधील तीन आकडे पुन्हा मोजून त्याच कागदावर लिहावेत.